नकाशा माझा, मजकूर मावशीचा: गुडगावच्या मॉलमधली एक दुपार

दिल्लीला मी फिरायला गेले नव्हते, मावशीला आणायला गेले होते. आधीच सांगून टाकते, म्हणजे लाल किल्ल्याच्या आशेनं वाचणाऱ्यांची निराशा नको. सुनंदामावशी केंद्र सरकारच्या नोकरीसाठी दिल्लीला गेली आणि तिथलीच झाली. काका गेल्यापासून द्वारकेच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. तिची मुलगी रेवा गुडगावात नोकरीला, आणि आता तिची बदली बंगळूरला व्हायची होती. त्यातच गेल्या महिन्यात मॉलमध्ये मायलेकींची चुकामूक झाली. मावशी सापडली ती थेट तळघरातल्या पार्किंगमध्ये, फोनला रेंज नाही अशा जागी. रेवानं धसका घेतला. आईला एकटीला सोडून मी जाणार नाही, तिला पुण्याला न्या, असं तिनं माझ्या आईला कळवलं. आईला तर हेच हवं होतं. तिनं बहिणीसाठी खोली रंगवून घेतली आणि मला परतीची दोन तिकिटं काढायला लावली.

गाडीनं निजामुद्दीनला उतरणार असाल तर बाहेर घेराव घालणाऱ्या ऑटोवाल्यांकडे दुर्लक्ष करून प्रीपेडच्या खिडकीवर जा. सामान कमी असेल तर मेट्रो उत्तम, द्वारकेपर्यंत बसायला जागा मिळते आणि खिशालाही झेपते. मावशीकडे पोचले तर पोहे तयार होते, पण बॅग भरलेली नव्हती. एकही कपाट उघडलेलं दिसेना.

"मावशी, तीन दिवसांवर गाडी आलीय," मी म्हटलं.

"अच्छा," ती म्हणाली आणि पोह्यांवर लिंबू पिळलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला करोल बागेत नेलं. सकाळी दुकानं उघडता उघडता गेलात तर भाव करायला दुकानदाराला उसंत असते. दुपारी गर्दीत त्याला तुमची गरज नसते. आईसाठी दोन सलवार-कुडत्यांची कापडं घेतली. मावशी गल्ल्यांतून अशी चालत होती की मला मागे पळावं लागत होतं. ही बाई हरवते कशी, हा प्रश्न मला तिथेच पडायला हवा होता, पण मी कापडांत गुंतले होते.

जेवायला कस्तुरबा गांधी मार्गावर, आपल्या राज्याच्या अतिथिगृहात गेलो. दिल्लीत चार दिवस राजमा-छोले खाऊन जीव विटला की इथल्या कॅन्टीनला जा. थालीपीठ घरच्यासारखं नसलं तरी लोणी भरपूर देतात. तिथे ताट पुढ्यात आल्यावर मावशीनं विषय काढला.

"त्या दिवशी मी हरवले नव्हते. रेवा फोनवर सांगत होती, लेफ्ट घे, आता राइट घे. ती वरच्या मजल्यावर, मी खालच्या. तिचा लेफ्ट माझ्या कुठल्या कामाचा? माझ्या अकलेनं गेले असते तर बिल्कुल पोचले असते."

"मग आता काय म्हणणं आहे?"

"उद्या त्याच मॉलमध्ये जाऊ. त्यांनी आता मोबाइलवर ॲप काढलंय. त्यात नकाशा पण आहे आणि लिहिलेल्या सूचना पण. मी वाचत जाईन, तू नकाशा बघत ये. मेट्रोच्या बाजूच्या दारातून आत, दुसऱ्या टोकाला चहाचं दुकान आहे तिथे रेवा बसेल. कुणाला विचारायचं नाही. मी तुझ्याआधी पोचले तर मी इथेच राहणार. नाही पोचले तर तुझ्याबरोबर येते, एक शब्द बोलणार नाही."

रेवाला फोन केला. ती म्हणाली, "यार, ही काय रिॲलिटी शो समजते का?" पण तयार झाली. मीही लगेच हो म्हटलं, कारण मी जिंकणार याची मला खात्री होती. अनोळखी गावात गाडी चालवताना नकाशा बघणारी मी, मी एका मॉलला काय घाबरायचं?

तिसरा दिवस, गुडगाव. द्वारकेहून निळी लाइन, राजीव चौकात बदलून पिवळी. ऑफिसच्या वेळी राजीव चौक टाळा, तिथे आपण चालत नाही, आपल्याला नेलं जातं. पिवळी लाइन जमिनीवर आली की दोन्हीकडे काचेच्या इमारती सुरू होतात. मावशी नवीन नवीन दिल्लीत आली तेव्हा इथे मोहरीची शेतं होती, ऑफिसमधले सगळे सहलीला येत. मग कंपन्या आल्या, मानेसरपर्यंत कारखाने गेले. मावशीनं खिडकीबाहेर बोट दाखवून नेमकी कुठे सतरंजी घातली होती ते सांगितलं. तिथे आता बँक आहे.

दारातून आम्ही एकत्र आत शिरलो आणि वेगळ्या झालो.

आता वाचकहो, उपयोगाचं ऐका. इमारतीच्या आत ॲपवरचा निळा ठिपका म्हणजे तुम्ही, पण त्याला स्वतःची फारशी खात्री नसते. मी चालायला लागले की तो थांबायचा, मी थांबले की तो एखाद्या दागिन्यांच्या दुकानात शिरायचा. तरी नकाशाचा एक मोठा फायदा, सगळा मॉल एका नजरेत दिसतो आणि पूल कुठे, सरकता जिना कुठे हे कळतं. मी झपझप निघाले. पुलावरून पलीकडच्या भागात गेले, जिना चढले, पुन्हा चढले, आणि ठिपका बरोबर चहाच्या दुकानावर येऊन बसला. समोर बघते तर चादरींचं दुकान. मी जागेवर होते, फक्त दोन मजले वर. नकाशात सगळे मजले एकावर एक दिसत होते आणि मी कुठला मजला बघतेय हे पाहायचं राहूनच गेलं होतं.

कठड्याला टेकून खाली पाहिलं तर मावशी दिसली. खांद्याला पर्स, फोन नाकाजवळ. ती एका पांढऱ्या पत्र्यापुढे उभी होती. नंतर कळलं, सूचनेत लिहिलं होतं, बुटांचं दुकान आलं की डावीकडे वळा. बुटांचं दुकान मात्र बंद होऊन तिथे पत्रे ठोकले होते, आणि हे काही ॲपला कुणी कळवलेलं नव्हतं. ती पुढे गेली. डावीकडे वळली नाही. समोर पार्किंगचा बाण होता.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आईची रंगवलेली खोली डोळ्यांपुढे आली. आणि पुढच्याच क्षणी असं वाटलं की वरून हाक मारावी, मावशी, तिकडे नको. दोन्ही एकदमच वाटत होतं. मी कठडा धरून उभी राहिले, माझं स्वतःचं खाली जायचं राहूनच गेलं.

मावशी बाणापाशी थांबली. फोन पुन्हा वाचला. मग शांतपणे मागे फिरली, चांगली लांबवर, लिफ्टपर्यंत. तिथून पुन्हा चालायला लागली, वाचत वाचत, आणि या खेपेला पत्र्यांपाशी येऊन डावीकडे वळली. तेव्हा कुठे मी जिन्याकडे धावले.

पोचले तेव्हा तिच्यापुढे चहा होता, माझ्यासाठीही मागवलेला.

"मागे कशाला गेलीस?" मी विचारलं.

"ऑफिसात फाइल अडकली की काय करायचो? शेवटची बरोबर नोंद असेल तिथवर मागे जायचं आणि तिथून पुन्हा बघायचं. लिफ्टपर्यंतचं सगळं बरोबर होतं. लिफ्टनंतर बुटांचंच दुकान यायला हवं, आणि आला तो पत्रा. म्हणजे पत्रा तेच दुकान."

 रेवानं आईचा हात धरला. म्हणाली, "पण रोज फोन करशील ना?"

"तू उचलशील तर करीन."

दोघींचे डोळे भरले होते, माझेही. चहा महाग होता आणि ठीकठाकच होता. मावशीचं तिकीट मी तिथेच बसून रद्द केलं.

पुण्याला एकटी परतले. सगळी हकीकत आईला सांगितली, पत्रा, लिफ्ट, सगळं. तुम्ही विचाराल तर माझं मत आता असं: एका नजरेत कळायला नकाशा, चुकल्यावर सावरायला मजकूर, आणि दोन्ही बघताना मजला आधी तपासा. आईला या मतात काडीचा रस नव्हता. ती रंगवलेल्या खोलीच्या दारात उभी होती, आणि तिची इतकी निराशा केल्याबद्दल मला फार वाईट वाटत होतं. तेवढ्यात मावशीचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"अगं, आली असतीस राहायला तर काय बिघडलं असतं?" आई म्हणाली. आवाज रडवेला होता.

"तूच ये ना इकडे. रेवाची खोली रिकामीच आहे."

"मी? एकटी? मला त्या स्टेशनात काही सुधरणार नाही, सुनंदा."

"तू फक्त डब्यातून उतर आणि आहेस तिथेच उभी राहा," मावशी म्हणाली. "मी येते तुला शोधत."