शेंदूर नसलेला बोल्ट

माझे वडील भुसार बाजारात हमाल होते. माल वजनात कमी आला की पहिली झडती हमालाची. त्यांची टोपी झटकून पाहिलेली मी समोर उभं राहून बघितली आहे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, पुढे फौजदार झालो, याचा अभिमान मी लपवत नाही. त्या टोपीमुळेच एक तपास मी कधी विसरलो नाही.

परदेशी व्यापार नुकता खुला होत होता. हडपसरजवळच्या एका लहान कारखान्याने पितळी व्हॉल्व्हचा पहिला कंटेनर बाल्टिक समुद्रावरच्या एका बंदरात पाठवला. दीड महिन्याने निरोप आला: सील शाबूत, पण निम्म्या खोक्यांत सिमेंटचे गट्टू.

मालक ठाण्यात आले. "सील तुटलेलं नाही, साहेब. म्हणजे माल इथेच बदलला. आणि सील लावलं आमच्या फोरमननं." मग खाली बघून म्हणाले, "वीस वर्षं आहेत आमच्याकडे. चाचा म्हणतो मी त्यांना."

चाचा पिढीजात पुणेकर. जबाबात एवढंच बोलले, "प्रत्येक खोकं मी स्वतः बघून चढवलं. आता लिहा तुम्हाला पाहिजे ते."

वरिष्ठांचं मत, अटक करून मोकळे व्हा. मी दोन दिवस मागून घेतले आणि माल पाठवणाऱ्या एजंटला बोलावलं.

"साहेब, त्या अख्ख्या गावाचं पोट बंदरावर आहे," तो म्हणाला. "लाकूड, धान्य तिथून बाहेर जातं. आपला माल तिथे उतरून रेल्वेने आतल्या कारखान्यांत जातो. चोरीचा ठपका आला तर जहाजं शेजारच्या बंदरात जातील. म्हणून कंटेनरचा डबा उतरला की दार उघडायच्या आधी बंदरवाले फोटो काढतात."

फोटो मागवले. ठाण्यात तेव्हा इंटरनेट कुठलं? मालकांना घेऊन सायबर कॅफेत बसलो. दाराच्या बोल्टांवर तांबडे ठिपके दिसले.

"हे काय?"

मालक ओशाळले. "सील लागल्यावर आईनं पूजा केली. तेलात कालवलेला शेंदूर. मी म्हटलं, अगं, डबा देवळात नाही चाललाय. म्हणाली, समुद्र ओलांडतोय ना? एकही बोल्ट सोडला नाही तिनं."

पण एक बोल्ट कोरा होता, नवा, चकचकीत. ज्या कडीला सील होतं, तिचाच. पूजेच्या वेळी कारखान्यातही एक फोटो काढलेला होता, त्यात मात्र त्यावरही शेंदूर होता. तो बोल्ट काढला की सील न तोडता कडी सुटते, हे त्या दिवशी मला कळलं. म्हणजे दार उघडलं होतं ते डबा कारखान्यातून निघाल्यावर.

डबा कारखान्यातून इथल्या बंदरापर्यंत एकट्याने नेणाऱ्या ट्रेलरच्या ड्रायव्हरला आणलं.

"वाटेत कुठं थांबलास?"

"कुठंच नाय साहेब. सरळ बंदरात."

"मग या बोल्टनं आंघोळ कुठं केली?"

छापून आणलेला फोटो मी पुढे सरकवला, तसं त्याने पाणी मागितलं. मग तळेगावपुढच्या एका शेडचा पत्ता सांगितला. पंचनाम्यात तिथे तसलेच गट्टू सापडले, आणि अजून न वितळवलेले व्हॉल्व्हही. ड्रायव्हर आणि शेडवाला, दोघांना शिक्षा झाली.

सील शाबूत असणं म्हणजे फक्त सील शाबूत असणं, एवढं मी त्यातून शिकलो. आणि माल उचलणाऱ्यावर बोट दाखवायला फार थोडी अक्कल लागते.

चाचांचं नाव आरोपींत कधीच लागलं नाही. त्याच बंदरासाठी दुसरा कंटेनर भरला, तेव्हा मालकांनी सील त्यांच्याच हातात दिलं. तो माल पूर्ण पोहोचला.