अर्ध्या तासाचं ऊन

माझं उजवं मनगट मोडलं, त्यानंतर तीन महिन्यांनी आम्ही कपडे धुण्याचं मशीन घेतलं. मनगटात धातूची पट्टी बसवली होती. डॉक्टर म्हणाले होते, लिहा, पोळ्या लाटा, पण ओलं कापड पिळायचं नाही. पंचायत समितीत मी आस्थापनेचं टेबल सांभाळते. सूचना आली की डायरीत उतरवायची, ही सवय. तीही उतरवली आणि खाली मशीनची यादी सुरू केली.

यादीतली पहिली ओळ मात्र मनगटाची नव्हती. ती अशी होती : ‘कपडे अंगणात जाता कामा नयेत.’

तलवाड्यात आमचं आणि चुलतदिराचं घर समोरासमोर आहे आणि मधलं अंगण सामाईक. आमच्या भिंतीच्या कडीपासून त्याच्या भिंतीच्या खुंटीपर्यंत कपड्यांची दोरी असायची. सासरे होते तेव्हापासूनची. आमच्याकडे बाईच्या परकराखालून गडी माणूस जात नाही. माझा नवरा बी. ए. झालेला, तोही वळसा घालतो. म्हणून परकर दोरीच्या टोकाला, साडीच्या आड वाळत घालायचा असतो. एका सकाळी मला ऑफिसची घाई होती. पिवळा परकर मी मधोमध टाकला आणि निघून गेले. त्याच सकाळी चुलतदीर ग्रामपंचायतीचा फॉर्म भरायला निघाला. त्याच्या टोपीला परकराचा काठ लागला.

तो अकरा मतांनी पडला.

निकालाच्या दिवशी दुपारी गल्लीत दुसऱ्याचा गुलाल उडत होता आणि हा कोयता घेऊन अंगणात आला. तो ऊसतोडीचा मुकादम, त्याच्या घरी कोयत्यांना तोटा नाही. एका घावात दोरी तोडली. कपडे मातीत पडले. मी ते उचलायला वाकले तेव्हा त्याच्या दुसऱ्या हातात काठी होती. ‘वयनी, तुझ्या परकरानं बुडवलं मला,’ म्हणाला आणि डोक्यावर घातली. मी हात वर केला. वाळलेली तुराटी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज झाला. दुखायच्या आधी तो आवाज मला ऐकू आला, हे अजून आठवतं.

चार माणसं बसली. परकर मधोमध टाकला ही हिची चूक, काठी मारली ही त्याची, फिट्टंफाट. पोलिसात जायचं नाही आणि अंगणात पुन्हा दोरी बांधायची नाही, असं ठरलं. नवऱ्याने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्याने कुऱ्हाडीला नवा दांडा बसवून आणला, धार लावून आणली आणि दाराच्या मागे ठेवली. माझा नवरा मोठ्याने बोलत नाही. बैलालासुद्धा त्याने कधी चाबूक मारलेला मी पाहिला नाही. तो एवढंच म्हणाला, ‘आता तुझ्या कापडाला जरी त्यानं हात लावला, तर मी त्याला उभा चिरणार.’

त्या घरात मी पंचवीस वर्षं काढली आहेत. तो धमकी देत नव्हता, मला कळवत होता. याच अंगणात माझ्या सासऱ्यांनी गव्हाणीवरून चुलत भावाचा पाय मोडला होता, आणि चुलत भावाने सासऱ्यांच्या कानाचा तुकडा पाडला होता. आमच्या घरातल्या मुलांना ही गोष्ट घास भरवताना सांगतात. मला नवरा तुरुंगात नको होता. त्यासाठी कपडे घरातच धुतले गेले पाहिजेत आणि घरातच वाळले पाहिजेत.

गेवराईच्या दुकानात गेलो तेव्हा यादीत चौदा प्रश्न होते. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, मग पूर्ण ऑटोमॅटिक चालेल का? बोअरच्या जड पाण्याने किती दिवसांत खराब होईल? लाईट मध्येच गेली तर पाणी हाताने सोडता येईल का? विक्रेता तरुण आणि हुशार होता. नळाला जोर नसेल तर सेमी ऑटोमॅटिकच घ्या, म्हणाला. बादलीने पाणी ओता, एकीकडे धुवा, दुसरीकडे ड्रायरमध्ये टाका. त्याने ओला टॉवेल ड्रायरमध्ये फिरवून माझ्या हातात दिला. मी डाव्या हाताने चाचपला. पाणी गळत नव्हतं, पण ओल होती.

मी विचारलं, घडी करून कपाटात ठेवता येईल का?

नाही म्हणाला. अर्धा तास बाहेर उन्हात टाकावंच लागतं.

‘बाहेर टाकायचं नाही.’

‘कावून? बाहेर काय वाघ बसलाय का, मॅडम?’

नवरा म्हणाला, ‘बसलाय.’

पोरगा हसला, मग त्याची नजर माझ्या मनगटावरच्या व्रणाकडे गेली आणि तो हसायचा थांबला. त्याने मोबाईलवर गरम हवेच्या ड्रायरचं चित्र दाखवलं. त्यातून कपडे पूर्ण वाळून निघतात. मागवावा लागेल, वीज फार ओढतो, तुमच्या घरची वायर टिकणार नाही, खांबावरून थेट जाड वायर घ्या. खांब चुलतदिराच्या घरामागे आहे. वायर त्याच्या पत्र्यावरून आणावी लागणार. नवरा लगेच म्हणाला, आणू. मी डायरीतल्या त्या ओळीवर काट मारली. वायरीसाठी पत्र्यावर चढलेल्या माणसाचे पाय खालून ओढले जाताना मला दिसत होते.

सेमी ऑटोमॅटिक घेतलं.

श्रावण होता. धुलाई छान व्हायची. ड्रायर भिंत हादरेल इतका घरघरायचा. नंतर सगळे कपडे खोलीत पंख्याखाली, खुर्च्यांवर, खाटेवर, खिडकीच्या गजांवर. लाईट गेली की तसेच पडून राहायचे. तिसऱ्या दिवशी कुबट वास सुटायचा. नवरा दमट शर्ट घालून शेतात जायचा. मला मांडीला खाज सुटली आणि ती जाईना. दवाखान्यातली नर्स म्हणाली, कपडे उन्हात वाळवा, मलम नंतर लावा.

मग मी दुसरी यादी केली : चुलतदीर घरी नसतो त्या वेळांची. ऊसतोडीच्या टोळ्या ठरवायला तो बाहेरगावी जायचा, गुरुवारी आष्टीकडे. हे मला कुणी सांगितलं तर त्याच्याच बायकोने. ती माझी धाकटी जाऊ. निकालाच्या दिवसापासून दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. ती रांजण घासता घासता माझ्याकडे न बघता म्हणायची, ‘आज संध्याकाळपस्तोर न्हाईत ते.’ मग मी दोन खुर्च्या अंगणात आमच्या बाजूला ठेवायची, वर कपडे टाकायची, आणि घड्याळ लावून अर्ध्या तासाने आत घ्यायची.

तिसऱ्या गुरुवारी जाऊ स्वतःचं बोचकं घेऊन आमच्या दारात आली. तिच्या डाव्या डोळ्याखाली निळं होतं. ते तिथे नेहमीच असायचं, कधी डावीकडे, कधी उजवीकडे, आणि पंचवीस वर्षांत मी ते कुठल्याही यादीत घेतलं नव्हतं. तिचे परकर ती गादीखाली वाळवायची. निकालापासून त्याने तिलाही अंगणात कापड वाळत घालू दिलं नव्हतं. ‘ताई, माझे बी फिरवा त्यात,’ म्हणाली. ड्रायर घरघरायला लागला तशी ती झाकणावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली आणि हसली. म्हणाली, माझ्या मालकावानीच थरथरतंय, पर ह्याला बटन तरी हाय.

त्या दिवशी खुर्च्या पुरेनात. तिनेच घरातून दोरी आणली आणि खुंटीपासून आमच्या कडीपर्यंत बांधली. मी नको म्हणायला हवं होतं. अर्ध्या तासाचा प्रश्न, असं मला वाटलं.

वीस मिनिटं झाली होती. टोळीचा कुणी माणूस शब्द देऊन उलटला म्हणून चुलतदीर अर्ध्या रस्त्यातून परत आला होता, तो रागातच. मोटरसायकल त्याने उभी केली नाही, आडवी टाकली. दोरीवर सहा परकर होते. भिंतीला टेकवलेली काठी त्याने उचलली आणि माझ्याकडे चालत आला. मला पळता आलं नाही. आमच्या दारात नवरा दिसला. कुऱ्हाड त्याच्या हातात होती, खांद्यावर नाही, खाली, लाकूड फोडायला निघालेल्या माणसासारखी. तो सावकाश येत होता. ते पाहून मला काठीची भीती वाटेनाशी झाली. मी ओरडले असेन, पण काय ते आठवत नाही.

चुलतदीर म्हणाला, ‘दादा, मधी येऊ नगं.’

नवरा चालतच राहिला. दोघांत सात-आठ पावलं राहिली होती.

तेव्हा जाऊ मध्ये आली. आमच्याकडे नाही, तिच्या नवऱ्यासमोर. अगदी साध्या आवाजात म्हणाली, ‘ह्ये परकर त्यांचे न्हाईत, माझे हायेत. फॉर्म भरायच्या दिवशी बी दोरीवर माझाच व्हता. पिवळा. तुमी उगी वयनीचा हात मोडला.’

हे खरं नव्हतं. तिला माहीत होतं, मला माहीत होतं. तिच्याकडे पिवळा परकरच नव्हता. पण चुलतदीर जागीच वळला. माझ्याकडे निघालेली काठी तिच्या डोक्यात बसली, मग कानावर, मग ती खाली बसल्यावर पाठीवर. रक्त इतक्या लवकर येतं हे मला माहीत नव्हतं. मोजायची सवय आहे म्हणून सांगते, पाच फटके. सहावा पडला नाही, कारण नवऱ्याने कुऱ्हाड टाकून त्याच्या मनगटाला धरलं होतं. त्याला ढकलून दिलं आणि जावेला दोन्ही हातांनी उचललं. कुऱ्हाड मातीत पडलेली. चुलतदिराने कुऱ्हाडीकडे पाहिलं आणि मी तिच्यावर जाऊन उभी राहिले. तो काठी टाकून घराकडे गेला. ओट्यावर बसला आणि टोपी काढून झटकायला लागला.

शेजाऱ्याच्या जीपमध्ये मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. जखमेवर दाबायला हाताला आलं ते दोरीवरचं अर्धवट वाळलेलं कापड होतं. गेवराईला चौदा टाके पडले. त्या कानाने तिला अजून नीट ऐकू येत नाही. डॉक्टरांनी कशानं लागलं विचारलं तेव्हा ती म्हणाली, नवऱ्यानं, काठीनं. मग पोलीस आले. जबाब लिहिताना हवालदाराने भांडणाचं कारण विचारलं, तो पिवळा परकर कुणाचा होता विचारलं. ती म्हणाली, माझा. त्याने साक्षीदार म्हणून माझ्याकडे पाहिलं. चुकीची नोंद दिसली की मी सहीच करत नाही, ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे मी सही केली.

तो आता जामिनावर सुटून टोळीबरोबर कारखान्यावर आहे. जाऊ मुलांसह समोरच राहते. माहेरी जा म्हटलं तर म्हणते, तिथं जाऊन कुणाची भांडी घासू?

मागच्या रविवारी नवरा ड्रायरमधले कपडे काढत होता. मला ते जड जातं म्हणून हल्ली तोच काढतो. खाली वाकूनच म्हणाला, ‘ती मधी आली नसती तर मी त्या दिवशी त्याला तोडलाच व्हता.’

मी म्हटलं, मला ठाऊक आहे.

‘मंग तिचे उपकार हायेत आपल्यावर.’

उपकार नाहीत, मी म्हणाले. मार खायची पाळी माझी होती, ती तिने घेतली. तुम्हाला वाचवायचं म्हणून मी मशीन घेतलं, यादी केली, वेळा काढल्या, आणि ती समोरच राहत होती, ते काही मी हिशेबात धरलं नाही.

तो बादली उचलून अंगणात गेला. थोड्या वेळाने मी बाहेर डोकावले तर तो जावेने बांधलेल्या दोरीवर कपडे टाकत होता, आमचे आणि तिचे, हाताला येतील तसे. परकर झटकून मधोमध टाकला. बादली दोरीच्या पलीकडे राहिली होती, ती घ्यायला तो परकराच्या खालूनच गेला.