तंबूतून उठून गेलेल्या बायका

साताऱ्याच्या एस.टी. स्टँडवर उतरले तेव्हा माझा मामेभाऊ सर्जेराव पार्सलच्या खिडकीशी तावातावाने भांडत होता. मला पाहताच म्हणाला, "ताई, आलीस व्हय? जरा थांब. भूत घावंना झालंय."

रांगेतल्या दोघांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. नाशिकहून रात्रभर हाडं खिळखिळी करून घेत आले होते, माझा अवतारही काही बरा नसणार. पण सर्जाचं भूत निराळं होतं. लष्करातून सुटून आल्यावर त्यानं फिरतं तंबू थिएटर घेतलं. जत्रेच्या गावी तंबू ठोकायचा आणि सिनेमा दाखवायचा. या वेळचा सिनेमा परदेशातल्या एका करमणुकीच्या बागेतल्या भुताच्या घरावरून काढलेला होता. बोलणं सगळं हिंदीत केलेलं. त्याच्या रिळांचा एक डबा पार्सलात गायब होता. अखेर तो महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या खोक्यांखाली निघाला. सर्जानं डब्याला हात जोडले आणि मग त्याला मला कंदी पेढे खाऊ घालायचं सुचलं.

मला बोलावण्याचं कारणही तेच घर. मागच्या वर्षी मुलाकडे परदेशी गेले असताना मी त्या घरात प्रत्यक्ष जाऊन आले होते. छोट्या गाडीत बसवतात, कमरेला पट्टा बांधतात, अंधारात सांगाडे अंगावर सोडतात आणि पुन्हा उजेडात आणून उतरवतात. मी सगळा वेळ डोळे गच्च मिटून बसले होते, पण सर्जाच्या लेखी मी त्या विषयातली जाणकार.

टेम्पोत रिळांच्या डब्यांशेजारी अंग चोरून बसले. कऱ्हाड मागं पडलं आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. पौषातली थंडी होती. उसाला पांढरे तुरे आलेले, मध्येच तोडणीचा फड, रस्त्यात वाडं (उसाचे हिरवे शेंडे) सांडलेलं. मी कौतुकानं काही बोलायला जावं तर सर्जा गप्पच. शेवटी मीच चिडून विचारलं, तेव्हा त्यानं तोंड उघडलं.

गेल्या जत्रेत त्यानं घरगुती म्हणून आणलेल्या सिनेमात भलतंच नाचगाणं निघालं होतं. तंबूत मधे दोरी बांधून एका बाजूला बाप्ये आणि दुसऱ्या बाजूला बायका बसवायची इकडची रीत. त्या दिवशी बायकांची अख्खी बाजू उठली आणि पदर सावरत निघून गेली. यात्रा कमिटीनं यंदा जागा नाकारली. पुष्कळ विनवण्या केल्यावर एका खेळाची परवानगी मिळाली, तीही अटीवर.

"बायका शेवटपातुर बसल्या, तर फुडं दरसाल जागा," सर्जा म्हणाला. "उठल्या, तर तंबू गुंडाळायचा. आन् या गावानं काढलं म्हंजी बाकीची गावं बी हुबं करनार न्हाईत, ताई."

मला एकदम धास्ती वाटायला लागली. जत्रेच्या दिवशी भुताचा सिनेमा आणणाऱ्या माणसाला काय म्हणावं? पण तोंडावर आलेलं गिळलं.

गाव कडेगावच्या बाजूचं. जत्रेमुळं घरोघर पाव्हणे उतरलेले आणि घरोघर रस्सा शिजत होता. आम्हांला कमिटीच्या अध्यक्षांकडे जेवायला बोलावलं होतं. पहिल्याच घासाला नाकाडोळ्यांतून पाणी आलं. वाढणाऱ्या दोघी सुना पदराआड हसल्या. "लय तिखाट झालं का वो?" असं थोरलीनं विचारलं खरं, पण उत्तराला न थांबता ती पुढच्या पंगतीकडे पळाली. त्या कधी जेवणार, हे विचारायला मला फटच सापडली नाही. अध्यक्षांच्या आई हौसाआक्का दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवून होत्या. त्यांनी सर्जाला एवढंच विचारलं, "औंदा काय आनलंयस?"

"भुताचा हाय, आक्का. पर घरगुती हाय."

"बघू की," असं म्हणून त्यांनी पानाला चुना लावला.

दिवेलागणीला तंबू भरला. सर्जानं पडद्यापुढं नारळ फोडला आणि माझ्या हातात माईक दिला. मी सांगितलं की हा सिनेमा जत्रेतल्या पाळण्यासारख्या एका खेळण्यावरून काढला आहे. बाप्यांच्या बाजूनं कुणी तरी ओरडलं, "मग आमच्या पाळन्यावरनं बी काढा की! लय करकर वाजतोय!" तंबू हसला. मी माईक खाली ठेवला आणि बायकांत जाऊन बसले. तिथं बघावं तर सगळ्या पिकल्या केसांच्या, हौसाआक्का पुढं. तरणी बाई औषधालासुद्धा नव्हती.

सिनेमा सुरू झाला. आई, बाप, दोन मुलं भुताच्या घरात जातात, गाडी अंधारात बंद पडते आणि मुलं आईबापांपासून दुरावतात. परदेशात लोक अशा वेळी किंचाळतात. इथं म्हाताऱ्या रागावल्या.

"पोरांचा हात धर की गं, भवाने!"

"आन् त्यो बाप बघ, नुस्ता टोपी सांभाळतोय!"

सांगाडा नाचला तेव्हा कुणी घाबरलं नाही. माझ्या शेजारची म्हणाली, "किती वाळलाय बिचारा." मी मात्र इथंही डोळे मिटले, तेव्हा तिनं माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "आवं बाई, तुमी तर आत जाऊन आलाय न्हवं?"

मग खरं भूत आलं. ती एक म्हातारी होती. लांबलचक टेबलावर ताटं मांडून ती वर्षानुवर्षं पाहुण्यांची वाट बघत असते आणि तिच्या दारी कुणीच येत नाही. म्हातारी एकेक ताट पुसत होती. आणि तेवढ्यात हौसाआक्का उठल्या. त्यांच्यामागं दुसरी, तिसरी, मग सगळी बाजूच उठली आणि एकही शब्द न बोलता बाहेर पडली. रिकाम्या जागेत मी एकटी बसले होते.

मी धावत सिनेमाच्या मशीनपाशी गेले. सर्जानं मशीन थांबवलं होतं आणि तो डब्यावर मटकन बसला होता. "संपलं, ताई," तो म्हणाला. बाप्ये शिट्ट्या मारत होते. अध्यक्ष मागं उभे होते. सर्जा उठला आणि तंबूच्या कनातीची दोरी सोडायला लागला. मला रडू येत होतं आणि त्या बायकांचा संतापही येत होता. काय वाईट होतं त्या सिनेमात?

पहिली गाठ सुटली असेल-नसेल, तोच बाहेर कालवा ऐकू आला. हौसाआक्का परत येत होत्या. त्यांच्यामागं मघाच्या दोघी सुना होत्या, पिठाच्या हातांनीच आलेल्या. आणि त्यांच्यामागं गावातल्या साऱ्या लेकीसुना, काखेत पोरं, खांद्यावर वाकळ (जुन्या लुगड्यांची गोधडी). बायकांची बाजू भरून मधली दोरी बाप्यांकडे सरकली.

"दोरी काय सोडतुयास रं?" हौसाआक्का सर्जावर खेकसल्या. "पहिल्यापास्नं लाव. ह्यांनी न्हाई बघितला."

"आक्का, तुमी उठून गेलासा..."

"मग? गेल्या वर्सी सुनांम्होरं मान खाली घालाय लावलीस. म्हनून औंदा आमी म्हाताऱ्या आदी आलो, बघून घ्याया. चांगला हाय. ती म्हातारी ताटं मांडून बसली, तवा मला चुलीम्होरं बसल्याल्या माज्या पोरी दिसल्या. र्‍हावंना बघ मला."

अध्यक्ष चाचरत पुढं आले. "आये, आन् घरात पाव्हनं हाईत त्यांचं?"

"पाव्हन्यांस्नी हात न्हाईत व्हय? घेतील वाढून."

सर्जा हसतही होता आणि बाहीनं डोळेही पुसत होता. रिळं हातानं उलटी गुंडाळायला चांगला वेळ गेला, पण कुणी जागचं हललं नाही. पोरांचा हात धरा म्हणून आता तरण्या बायका ओरडल्या. शेवटी सिनेमातल्या म्हातारीकडे पाहुणे जेवायला बसले तेव्हा थोरली सून तोंडात पदर कोंबून रडत होती. मीही मनसोक्त रडले. जाताना हौसाआक्का सर्जाला म्हणाल्या, "फुडल्या साली तंबू जरा देवळाकडं सरकव. म्हाताऱ्यांस्नी लांब पडतंय." अध्यक्षांनी मान डोलावली. डोलावणार नाही तर काय करणार?

परतीच्या गाडीत कऱ्हाडपर्यंत सर्जा माझ्यासोबत होता आणि सबंध वाट बडबडत होता. पुढं मी एकटीच होते, पण जीव हलका झाला होता. आजवर मी समजत आले की सिनेमा आवडला की माणूस खुर्चीला खिळून बसतो. त्या बायकांना आवडला, तेव्हा त्या उठून गेल्या. त्यामुळं आता नाशकात सिनेमाच्या मध्येच कुणी उठलं, तर मला पूर्वीसारखा राग येत नाही. वाटतं, घरात कुणी राहिलं असेल, त्याला आणायला गेलं असेल. अजून कुणी परत आलेलं दिसलेलं नाही, पण मी दाराकडे बघते.