कवड्या गोठ्यात आला

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मला जांभया येतात, हे आधीच सांगते. मी नागपूरला नेटवर्कचंच काम करते. काही बिघडलं की केबल बघायची, सेटिंग बघायची... उत्तर सापडतंच. हे मात्र सापडलेलं नाही.

आंधळगावात बसस्टँडमागे माझ्या दादाचा कॉम्प्युटर क्लास होता. सहा मशीन, आणि त्यांना नावं आमच्या घरच्या बैलांची — ढवळ्या, पवळ्या, चांद्या वगैरे. नेटवर्कचं डोमेन, म्हणजे सगळ्या मशीनचं मिळून एकच आडनाव काय, तर ‘गोठा’! मशीन सुरू झालं की विचारायचं, माझं नाव काय? दादाचा जुना सर्व्हर यादीत त्या मशीनचा नंबर बघून सांगायचा. संध्याकाळी क्लास बंद करताना दादा वहिनीला विचारायचा, “समदे बांधले का?”

यादीत कवड्या नव्हता. कवड्या म्हणजे मी बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं गोऱ्हं. ते मेलं तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. दादा म्हणायचा, “बाई, कवड्या तुह्यासाठी राखून ठेवला. आपला कॉम्प्युटर घेऊन इथं शिकवाले येशीन, तवा देईन.” मी हसून टाळायची. नागपूर सोडून कोण येतं हो?

गेल्या उन्हाळ्यात दादा गेला. क्लास विकायचं मीच ठरवलं. वहिनी एवढंच म्हणाली, “इकाचं काहून म्हणून राहिली? पोरं विचारून राहिले, क्लास कवा सुरू होते.”

घेणारा चार वाजता येणार होता. दादाच्या फाइली उतरवून घ्यायला मी माझा नवा कोरा लॅपटॉप केबलला जोडला. नाव आणि डोमेन नेटवर्ककडून आपोआप घ्यावं, असं सेटिंग राहू दिलं. नाव मिळणारच नव्हतं म्हणा...

स्क्रीनवर आलं — कवड्या. डोमेन, गोठा.

सर्व्हरची यादी उघडली. सहाच नावं. यादी शेवटची बदलली ती दादा असताना, आणि लॅपटॉप मी घेतला तो गेल्यावर. केबल काढून लावली, सर्व्हर बंद करून सुरू केला. पुन्हा कवड्याच. मग मात्र स्टुलावर बसून रडले, गोऱ्ह्यासाठी रडले होते तशीच.

वहिनी चहा घेऊन आली. दादाचं ते बोलणं तिला माहीत होतं. स्क्रीन बघून म्हणाली, “आला का मंग गोठ्यात?”

घेणाऱ्याला मी फोन करून नाही म्हटलं. आता शनिवार-रविवार मीच शिकवते. ऑफिसातल्या जाणकारांना यादी दाखवली, कुणालाच काही सांगता आलं नाही. आजही तिच्यात सहाच नावं आहेत.

संध्याकाळी वहिनी दारातून विचारते, “समदे बांधले का?”

“बांधले,” मी म्हणते. “सातही.”