पंक्चरवाल्याचा नंबर

आमच्या गल्लीतला पंक्चरवाला ट्रकचं चाक एकट्यानं उचलतो आणि सुई दिसली की मटकन खाली बसतो. दुकानाच्या भिंतीवर त्यानं आपला फोननंबर कलिंगडाएवढ्या आकड्यांत रंगवलाय. लोकांना स्वतःचा नंबर आठवत नाही, पण त्याचा पाठ आहे.

परवा शिवणकामवाल्या मावशीचं ऑपरेशन होतं. पित्ताशयात खडे, खाल्लं की कळ. टेबलावर घेणार तेवढ्यात भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "हृदयाचा मागचा रिपोर्ट दाखवा, नाहीतर तारीख पुढं जाईल." मावशी रडकुंडीला आली. मी मावशीला घेऊन तडक रेकॉर्डच्या खिडकीवर गेले आणि सुरू झाले, "रिपोर्ट पेशंटचा, हक्क पेशंटचा, तुम्ही कोण अडवणारे?"

"ताई, श्वास घ्या," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "रिपोर्ट तयार झाला त्याच दिवशी फोनवर गेलाय. हल्ली सगळ्यांचेच जातात."

माझी तोफ तिथंच विझली. ज्यासाठी भांडायचं ते आधीच मिळालेलं, याच्याइतका अपमान नाही.

"पण माझ्याकडं फोनच नाही," मावशी म्हणाली.

"मग नंबर कुणाचा लिहून दिलात?"

मावशीनं डोळे मिटून आकडे म्हटले. मला समोर भिंतच दिसली.

पंक्चरवाल्याला फोन लावला. "हॉस्पिटलचे मेसेज येतात का रे तुला?"

त्यानं आवाज एकदम खाली आणला. मग म्हणाला, "तुला कुणी सांगितलं, ताई? धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं तेव्हापासून मागं लागलेत. रोज दोन-तीन. हॉस्पिटलचं नाव दिसलं की मी फोन उलटा ठेवतो. माझं काही खरं नाही. बायकोला बोललो नाहीये, पण दुकान मेहुण्याला द्यायचं ठरवलंय."

"मेहुण्याला राहू दे. फोन घेऊन पळत ये."

काळ्याकुट्ट हातांनी तो आला आणि वरचाच मेसेज उघडला. वाचता वाचता डोळे पांढरे. "ताई, मला तिसरा महिना लागलाय."

मी फोन हिसकावला. "मेसेजवर नाव असतं, शहाण्या. हे तुझं नाही, दुसऱ्याच्या पोटात डोकावायचं नाही." आख्खी गल्ली होती त्यात. कुणाची साखर, कुणाच्या थुंकीची तपासणी, कुणाच्या गुडघ्याचा फोटो. नावं तेवढी बघत खाली गेले आणि मावशी सापडली.

डॉक्टरांनी फोनवरच रिपोर्ट वाचला. "हृदय उत्तम. घ्या आत."

स्ट्रेचर हलला तशी मावशीनं मान वर काढली. "तिसरा महिना कुणाला रे?"

"मला नाही, एवढं नक्की," पंक्चरवाला म्हणाला आणि हसत हसत भिंतीला टेकून खाली बसला. मरण टळलेला माणूस तो, त्याला कोण उठवणार?

मावशी आता तळलेलंही खाते. गल्लीतले सगळे खिडकीवर जाऊन आपापले नंबर देऊन आले. निम्म्यांना ते शेजाऱ्याला विचारावे लागले. आणि भिंतीवर कलिंगडांच्या खाली नवी ओळ आलीय: फक्त पंक्चरसाठी.