थर्टीचा उच्चार

राजपाल खिल्लारे वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या एका खासगी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवत आणि जऊळक्याला एकटे राहत. वय पंचेचाळिशीच्या पुढे गेलेलं. लग्न जमता जमता राहून गेलं होतं. आई, वच्छलाबाई, गेल्यापासून संध्याकाळी कुलूप उघडून आत गेलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरसायकलला किक मारेपर्यंत कुणाशी बोलायचा प्रसंग क्वचितच येई.

इंग्रजी ते लहानपणी रेडिओ ऐकून शिकले होते. कळत काही नसे, पण बातम्या देणाऱ्या माणसाचा आवाज त्यांना आवडायचा. तसं बोलता यावं म्हणून ते वावरात एकटेच तोंड वेडंवाकडं करत हिंडायचे. पुढे उच्चारशास्त्राची पुस्तकं वाचली, जीभ कुठे टेकते, ओठ कधी गोल होतात, सगळं पाठ केलं. पण बोलणार कुणाशी? स्टाफरूममध्ये तोंड उघडलं की कुणीतरी हसून म्हणे, "सर, चहाले चाला, पण इंग्रजी इथंच ठेवा." अख्ख्या आयुष्यात एकाही इंग्रज माणसाशी ते बोलले नव्हते.

बाहेरदेशी निघालेल्या नर्सेसना ते फोनवर उच्चार शिकवतात, हे हळूहळू वाशीमपर्यंत पसरलं होतं. राखीने त्यांना फोन केला तो मात्र आयर्लंडला पोचल्यानंतर. मानोऱ्याकडच्या शेतकरी घरातली पोरगी. अकोल्यात नर्सिंग केलेलं, इंग्रजीची परीक्षा चांगल्या गुणांनी पास झालेली. तिथल्या दवाखान्यात एकदा डॉक्टरांना फोनवर औषधाचा डोस सांगताना ती 'फिफ्टीन' म्हणाली आणि त्यांना 'फिफ्टी' ऐकू गेलं. त्यांनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा सांगितलं. मग शेजारच्या नर्सने तिच्या हातातून फोन घेतला.

"काही बोलली नाही ते, सर," राखी म्हणाली. "नुसता फोन घेतला. पण माह्याकडं पाह्यलंबी नाही."

त्या दिवसापासून त्यांची शिकवणी सुरू झाली. 'फिफ्टीन'मध्ये जोर शेवटी द्यायचा. 'पेशंट'मधला 'प' म्हणताना हवेनं ओठांपुढे धरलेली कागदाची पट्टी हलली पाहिजे. शिरेसाठीचा 'व्हेन' आणि 'केव्हा' असं विचारायचा 'व्हेन' आपल्या तोंडून एकसारखेच निघतात. पहिल्याला दात खालच्या ओठावर टेकवायचे, दुसऱ्याला ओठ गोल करायचे. सगळ्यात जास्त दिवस गेले ते 'थर्टी'वर. जीभ दातांच्या मधून किंचित बाहेर आली पाहिजे, हवा घासून गेली पाहिजे. राखीचा 'थ' पुन्हापुन्हा थाळीतला 'थ' होई.

"असं काहून होते, सर?"

"होऊ दे. अजून एकदा म्हन."

राजपाल सर संध्याकाळचा स्वयंपाक लवकर उरकून फोनची वाट पाहू लागले. धडा संपला तरी राखी बोलत राही. तिथल्या पावसाबद्दल, कुणी म्हातारी आजी तिचा हात सोडतच नाही त्याबद्दल. सर खुर्चीत मागे रेलून ऐकत. मधेच एखादा उच्चार सुधारत, पण ते निमित्त होतं, हे त्यांनाही कळत होतं.

मग तिचं बोलणं सुधारलं आणि फोन कमी झाले. आधी एक दिवसाआड, मग रविवारी, मग नुसता मेसेज: ड्यूटी आहे सर. शिकवणाऱ्याला याहून काय पाहिजे, असं ते स्वतःला समजावत. तरी जेवण लवकर उरकायची सवय सुटली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात राखी चुलतबहिणीच्या लग्नाला मालेगावला आली. परतताना बसस्टँडजवळच्या हॉटेलात तिने सरांना भेटायला बोलावलं. सर इस्त्रीचा शर्ट घालून गेले. चहा येईस्तोवर त्यांनी दोन वाक्यं इंग्रजीत काढली.

"सर, सुट्टीवर आली मी. आता इंग्रजी नका काढू," ती हसत म्हणाली.

तेही हसले. पण थोड्या वेळाने राहवलं नाही. "थर्टी नीट येते ना आता?"

राखी कपाकडे पाहत राहिली. "सांगू का? राग नका धरू. आमच्या तिथं जीभ कोणीच बाहेर काढत नाही. थर्टीले टर्टीच म्हन्तात, दाताले जीभ लावून. माहा आधीचा थच त्यांच्या जवळचा होता. मी तुमच्यावानी म्हनलं त पोरी हसाच्या, म्हने ही त रेडिओवानी बोलते."

"मंग तू शिकली कोनाजवळ?"

"वॉर्डात झाडझूड करते एक बाई. दुपारी तिच्यासंगं डबा खातो आमी. तिचं ऐकून ऐकून. फिफ्टीनचं मात्र तुमचंच कामी आलं, सर."

सर खुर्ची थोडी पुढे ओढून म्हणाले, "ते बाई कशी बोलते, ते बोलून दाखव बरं."

राखीने त्या बाईसारखं बोलून दाखवलं. घाईघाईचं, गाण्यासारखं वरखाली होणारं. सरांना निम्मं समजलं नाही. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं, आणि ओठ हलवत मागोमाग म्हणून पाहिलं. शेजारच्या टेबलावरचे दोघे वळून बघू लागले, तेव्हा ते थांबले. वाशीमची गाडी लागली. राखीने वाकून नमस्कार केला, फोन करते म्हणाली आणि गर्दीत चढली.

तिने फोन केला, आयर्लंडला परतल्यावर, एका संध्याकाळी; तिथे तेव्हा दुपार होती. ती वॉर्डातच होती. "जेवले का, सर?" असं विचारत होती, तेवढ्यात मागून एका बाईने हाक मारली. राखीने फोन बाजूला धरून तिला काहीतरी उत्तर दिलं आणि दोघी हसल्या. सर कान देऊन ऐकत होते. आता त्यांना एकही शब्द सुधारावासा वाटला नाही.

"बोला, सर," ती परत फोनवर येऊन म्हणाली.

"काही नाही," सर म्हणाले. "तू कर काम."

फोन ठेवून ते उठले आणि एका माणसापुरते तांदूळ धुवायला घेतले.