आमची मोटार उलटी धावायची

लग्न होऊन मी पोंभुर्ण्याला आले, तेव्हा सासरच्या गोठ्यात एक मोटार उभी होती आणि दोन्ही गाई बाहेर चिंचेखाली बांधलेल्या होत्या. मला वाटलं, लग्नाला आलेल्या कुणा बड्या पाहुण्याची असेल. चार दिवसांनी पाहुणे पांगले, मोटार मात्र तिथंच. मग लक्षात आलं की ती घरचीच आहे, आणि तिला चाकं दोनच आहेत.

ही पहिल्या निवडणुकीनंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. आमचे हे गावच्या शाळेत मास्तर होते. गणित शिकवायचे. मोटार चालवणं सोडाच, तोवर ते मोटारीत बसलेसुद्धा नव्हते. जंगलाच्या एका ठेकेदाराची जुनी विलायती गाडी लाकडाच्या डेपोत सडत पडली होती. इंजिनात मधमाश्यांनी पोळं केलं होतं. ठेकेदार म्हणाला, "न्या जी मास्तर, माही जागा तरी मोकळी होईल." ह्यांनी पोळं काढलं, मध शाळेतल्या पोरांना वाटला आणि तीन बैलजोड्या लावून गाडी घरी आणली.

ह्यांचा जोडीदार म्हणजे आमचा शेजारी, एक ढिवर. तलावात मासे मारायचा, डोंगे दुरुस्त करायचा. मोटारीतलं त्यालाही काही कळत नव्हतं, पण पाण्यातलं सगळं कळत होतं. त्यामुळं गाडीच्या प्रत्येक दुखण्यावर त्याचा इलाज एकच असे. "मास्तर, आधी इच्यात पानी शिरते का, थे पाहा." गाडीच्या तळाला नव्या सागाच्या फळ्या बसवल्या, तर त्यानं राळ आणि तेल कढवून फटी अशा बुजवल्या की जणू ती वैनगंगेत उतरवायची होती. मी म्हटलं, "भाऊ, ही रस्त्यावर चालनार हाय ना?" तो म्हणाला, "रस्ता पावसाळ्यात कुठी असते, बाई?"



माझ्या स्वयंपाकघरावरही संकट आलं. इंजिनपुढच्या पाण्याच्या टाकीला बारीक गळती होती. कुण्या ट्रकवाल्यानं ह्यांना सांगितलं की हळद टाकली की भोकं बुजतात. मी वर्षाची हळद कुटून मडक्यात ठेवली होती. एका रविवारी वरणात टाकायला हात घातला तर तळाला बोट लागलं.

"अजी, हळद कुठी गेली?"

"थांबली," हे गोठ्यातून ओरडले.

"काय थांबली?"

"गळती!"

त्या आठवड्यात आम्ही पांढरं वरण खाल्लं आणि गाडीखालच्या जमिनीवर पिवळं डबकं साचलं. म्हणजे थांबली वगैरे काही नव्हती. दुसऱ्यांदा मी शेजारणीकडून हळद आणली, ती मात्र लागू पडली.

मग आसनं. जुन्या गाद्या उंदरांनी खाल्ल्या होत्या. ह्यांनी तागाचं पोतं शिवून त्यात धानाची तणीस, म्हणजे सुका पेंढा, भरला. छान गुबगुबीत झाली. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याची म्हैस दावं तोडून गोठ्यात शिरली, तिनं खिडकीतून मान घातली आणि मागचं आसन निम्मं संपवलं. हे शाळेतून आले तेव्हा ती डोळे मिटून रवंथ करत होती. शेजारी ओशाळून म्हणाला, "तिले का मालूम, मास्तर? तिले वाटलं तिच्यासाठीच वाढलं हाय." पुढं आम्ही सावरीचा कापूस भरला.

उरलेली दोन चाकं भंगारातून मिळाली, पण मागच्या चाकांमधला दांडा आणि त्याच्या मधला दातेरी डबा खोलून, घासून, ग्रीस लावून परत बसवायला दोघांना अख्खा पावसाळा लागला. शेवटी दिवाळीनंतर एका सकाळी गाडी सुरू करायची ठरली. गाडीचं तोंड दाराकडं, पाठ कुडाच्या भिंतीकडं. दारासमोर अर्धं गाव. ह्यांनी धुतलेला सदरा घातला होता. दांडीनं फिरवून फिरवून शेजाऱ्याचा खांदा उतरायची वेळ आली, तेव्हा इंजिन खोकलं आणि लागलं. ह्यांनी लोकांना नमस्कार केला, पहिला गियर टाकला, आणि गाडी मागं उसळली. कूड फोडून थेट शेजाऱ्याच्या अंगणात गेली. तिथं वाळत घातलेल्या मासळीवर उभी राहून बंद पडली.

दारापुढच्या लोकांना रिकामा गोठा तेवढा दिसला.

कूड बांधून झाल्यावर दोघांनी बरेच प्रयोग केले. पुढचे तिन्ही गियर गाडीला मागं नेत होते, आणि मागचा एक गियर पुढं, तोही मुंगीच्या चालीनं. हे विचार करून म्हणाले, "म्हणजे सगळे गियर चांगले आहेत. फक्त दिशा बदलली."

"मंग पुन्हा खोला," मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी घर पेटवायला सांगितलं. पुन्हा एक पावसाळा त्यात घालवायची दोघांचीही तयारी नव्हती.

त्याच हिवाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा ठरला. माहेर सहा कोसांवर. ह्यांनी जाहीर केलं, मोटारीनं जायचं. पुढं तोंड करून गेलो असतो तर साखरपुडा संपल्यावर पोचलो असतो, म्हणून उलटं जायचं ठरलं. मान वळवून वळवून ह्यांना कळ येऊ लागली, तेव्हा मागच्या आसनावर गुडघे टेकून मी रस्ता पाहायचा आणि ह्यांनी नुसतं चाक फिरवायचं, अशी वाटणी झाली.

"उजवीकडं!" मी ओरडले. गाडी डावीकडं, तुरीच्या शेतात.

"उजवा कोनाचा? तुझा का माझा?"

"माझा!"

"मंग तसं सांग ना!"

कोसभरानं आम्ही उजवं-डावं सोडून दिलं. मी "पळसाकडं", "मोहाकडं" असं सांगू लागले, पण ह्यांना झाड दिसायचं ते मागं गेल्यावर. शेजारी पायरीवर लटकून घंटी वाजवत होता. "सरका जी सरका, गाडीची पाठ येऊन राह्यली!" समोरून एक बैलगाडी आली. गाडीवानाला आमची पाठ दिसली, तेव्हा त्याला वाटलं की मोटार पुढं निघून चालली आहे. तो निवांत होता. पण मोटार मोठी मोठी होत गेली, तशी त्यानं उडी मारली आणि बैलांनी गाडीसकट बाजूच्या शेतातली धानाची बांधी गाठली.

माहेरच्या शिवेवर हे थांबले. सासुरवाडीत पाठ दाखवत शिरायचं त्यांना बरं वाटेना. म्हणून तिथून गियर बदलून आम्ही सुलट्या तोंडानं, पायी चालणाऱ्यांच्या मागं मागं, सावकाश घरापुढं आलो. आई भाकरतुकडा ओवाळायला बाहेर आली. बाबा म्हणाले, "या जावईबापू, थोडी पुढं घ्या, सावलीत." हे खूश झाले. आणि त्या पहिल्या सकाळनंतर प्रथमच, शहाण्या माणसासारखं, पुढं जायला त्यांनी पुढचा गियर टाकला.

घरासमोर, म्हणजे आता गाडीच्या पाठीमागं, तलाव होता. आम्ही उतारानं मागल्या मागं घाटावरून पाण्यात गेलो. गाडीचं नाक घाटावर अडकलं, आणि मी बसले होते ती बाजू पाण्यात जाऊन हळूहळू डुलू लागली. मी टपाचा बांबू धरून डोळे मिटले.

"तरंगून राह्यली!" शेजाऱ्याचा आवाज आला. कंबरभर पाण्यात उभा राहून तो नाचत होता. "बाई, खाली पाहा! येक थेंब आत नाई!"

खरंच फळ्या कोरड्या होत्या. काठावर नवऱ्या मुलाकडचे लोक जमले होते. कुणी टाळ्या वाजवल्या. हेही अभिमानानं बघायला म्हणून आपल्या बाजूचं दार उघडून बाहेर वाकले. दारातून पाणी आत आलं आणि मी गळ्यापर्यंत बुडाले.

गावच्या ढिवरांनी जाळ्याचे दोर बांधून गाडी बाहेर काढली. आईची साडी नेसून मी साखरपुड्याला बसले. ह्यांना बाबांचं धोतर दिलं. मला वाटलं, आता सोयरीक मोडते. पण मुलाचे वडील दुपारभर ओल्या गाडीभोवतीच फिरत होते. पंगतीला त्यांना तीनदा बोलवावं लागलं. शेवटी बहिणीच्या ओटीत नारळ पडला आणि मी पोटभर जेवले.

नंतर घुग्घुसच्या खाणीवरचा एक ट्रकवाला आमच्याकडं आला. गाडीखाली शिरला आणि चटकन बाहेर आला. म्हणाला, "मास्तर, डब्यातलं चक्कर उलट्या बाजूनं बसवलं तुम्ही." त्यानं दोन दिवसांत काम केलं.

गाडी सरळ चालू लागली. पण ह्यांचं मन तिच्यात उरलं नाही. खोलायला काही राहिलंच नव्हतं. ते आणि शेजारी मळणीचं यंत्र बनवायच्या मागं लागले. मोटार दारात उभी राहू लागली, तेव्हा मीच एके दुपारी पदर खोचून चाकामागं बसले. रस्ता माझ्यासमोर होता, आणि उजवं म्हणजे उजवंच. शाळेपर्यंत गेले. वर्गाच्या खिडकीतून ह्यांनी पाहिलं आणि खडू हातात तसाच धरून पोरांना म्हणाले, "उतरून घ्या."

फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं, असं पोरांनी मला नंतर सांगितलं.